ओल्या लाकडाचा वाडगा

प्रिय बाईसाहेब,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला आधी वीजखात्याची नोटीस आली असं वाटलं असेल. घाबरू नकोस, मीच आहे. चाळीस वर्षं लिफ्टच्या वहीत ‘दार अडकत होतं, रूळ घासला, आता ठीक’ असल्या ओळी लिहून अक्षरही तसंच झालंय, ताठ आणि तेलकट. तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. आजवर वेळ आली नाही, असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. वेळ आली होती, मीच टाळली. फोनवर तू ‘आईला द्या’ म्हणतेस, मी देतो, आणि आपलं बोलणं तिथेच संपतं. म्हणून पत्र. यात तुला ‘आईला द्या’ म्हणायची सोय नाही.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरण्यात ती गुडघ्याला हार जाणारी नाही. खालच्या शिंपीणबाईंना जुळी नातवंडं झाली, त्यामुळे जिन्यात सध्या धुतलेल्या लंगोटांचं राज्य आहे. मी निवृत्त झालो तेव्हा पहिले दोन महिने घरात नुसती अडगळ होतो. जिथे बसेन तिथेच तुझ्या आईला झाडायचं असायचं. शेवटी ती म्हणाली, “अहो, आयुष्यभर लोकांना वर-खाली नेलंत, आता स्वतः कुठेतरी जा की!” तर मी गेलो. कुठे, ते ऐकून तू हसशील. मी शाळेत जातो. दर शनिवारी, सकाळी नऊ ते एक. पुलापलीकडे सुतारकामाची जुनी शाळा आहे ना, तिथे कातकाम शिकतोय. लाकडाचा ठोकळा लेथवर गरागरा फिरवायचा आणि पटाशी लावून त्याला हवा तसा गोल आकार द्यायचा, ते कातकाम. ‘कातीव’ हा शब्द आपण लोकांच्या नाकाडोळ्यांना लावतो. तो कुठून आला ते मला साठाव्या वर्षी कळलं.

शाळा म्हणजे एक लांबच लांब दालन. उंच खिडक्या, दोन रांगांत बारा यंत्रं, प्रत्येकावर मान वाकवता येणारा एक दिवा, आणि जमिनीवर इतका भुसा की चालताना पावलांचा आवाज होत नाही. आत शिरलं की डोळ्यांआधी नाक जागं होतं. मला वाटायचं लाकडाला लाकडाचा वास येतो. छे! एका यंत्रापाशी मिऱ्यासारखा तिखट, दुसऱ्यापाशी जुन्या पुस्तकासारखा, तिसऱ्यापाशी चक्क तापवलेल्या दुधासारखा. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत. त्यांना नाव आहे, पण सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. उंचीनं माझ्या खांद्यालाही लागत नाहीत, चष्मा दोरीनं गळ्यात, मनगटं मात्र पैलवानाची. मला त्या ‘लिफ्टवाले’ म्हणतात. माझ्या शेजारच्या यंत्रावर एक दातांचे डॉक्टर असतात. पटाशी लावण्याआधी ते सवयीनं ठोकळ्याला सांगतात, “थोडंसं लागेल हं.”

पहिल्या शनिवारी बाईंनी एक चौकोनी ठोकळा दोन टोकांमध्ये अडकवला, हातानं एकदा फिरवून पाहिला आणि बटण दाबलं. आणि बाईसाहेब, तो ठोकळा माझ्या डोळ्यांदेखत अर्धा नाहीसा झाला. त्याचे कोपरे इतक्या वेगानं फिरतात की दिसतच नाहीत. त्यांच्या जागी धुक्यासारखी एक विरळ सावली उरते, तिच्यातून मागची भिंतसुद्धा दिसते. आणि त्या सावलीच्या पोटात एक घट्ट, गडद, गोल दांडा दिसतो, जो अजून कोणी बनवलेलाच नाही. बाई म्हणाल्या, “आतला दिसतोय तो तुमचा. बाहेरचं धुकं तेवढं काढून टाका.” मी आयुष्य यंत्रांत घालवलं. मोटारी, कप्प्या, चाकं, सगळं फिरताना पाहिलं. पण फिरणाऱ्या वस्तूच्या आत पुढची वस्तू आधीच दिसते, हे कधी पाहिलं नव्हतं. मी तोंड उघडं टाकून उभा राहिलो, आणि अर्थातच तोंडात भुसा गेला.

मग कळलं की हे काम हातांचं नाहीच. हात पोटाशी बांधल्यासारखे धरायचे आणि हलायचं ते कमरेनं, गुडघ्यांनी. पटाशीच्या धारेमागे उतरता भाग असतो, तिची पाठ म्हण. ती पाठ आधी लाकडावर टेकवायची. नुसती घासू द्यायची, कापायचं काहीच नाही. मग मूठ केसभर वर उचलायची, की धार आपोआप लाकडात उतरते. बाई दिवसातून पन्नास वेळा हेच म्हणतात, “आधी पाठ, मग धार.” मी लोखंडाचा माणूस. लोखंडाला दम दिला की ते ऐकतं. तिसऱ्या शनिवारी मी लाकडालाही दम द्यायला गेलो आणि धार आधी लावली. बंदुकीसारखा आवाज झाला. पटाशी हातातून उडाली आणि ठोकळा सुटून भिंतीवर आपटला. बाईंनी यंत्र बंद केलं, ठोकळा उचलून आणला आणि माझ्या हातात ठेवला. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “तो तुमच्यावर रागावलेला नाही. तुम्ही न विचारता आत शिरलात.” त्या दिवशी उरलेले तीन तास मी फक्त पाठ टेकवत होतो. आणि शेवटी, मी काहीही जोर लावलेला नसताना, पटाशीच्या टोकातून एक लांब फीत सुटली. सुटली ती थांबेचना. माझ्या मनगटावरून, खांद्यावरून उडत मागे पडत राहिली, आणि मी श्वास रोखून तिच्यामागे कमरेनं सरकत राहिलो. एवढं गुळगुळीत काही माझ्याकडून आयुष्यात झालेलं नव्हतं.

बाईंचे कान सांगितले तर तुला थाप वाटेल. एकदा त्या पाठमोऱ्या, खिडकीशी चहा पीत उभ्या होत्या. बारा यंत्रं घरघरत होती. मागे वळून न बघता म्हणाल्या, “लिफ्टवाले, धार बोथट झालीय. आणि डॉक्टर, थांबा, तुमच्या वाडग्याला तडा आहे.” डॉक्टरांनी यंत्र थांबवलं. आम्ही दोघांनी वाडगा भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिला, काही नाही. बाई आल्या, बोटाच्या पेरानं टिचकी मारली आणि नखानं एक जागा दाखवली. केसापेक्षा बारीक रेघ. आणखी दोन मिनिटं फिरला असता तर डॉक्टरांच्याच तोंडावर फुटला असता. डॉक्टरांनी तो वाडगा उचलून बाजूला ठेवला. मग मला हळूच म्हणाले, “माझ्या एक्स-रे मशीनला हे जमत नाही.”

पण सगळ्यात मोठं नवल ओल्या लाकडाचं. इस्पितळाच्या रस्त्यावर एक झाड वाऱ्यानं पडलं होतं, त्याचे ओंडके शाळेत आले. माझ्या वाट्याला कलिंगडाएवढा एक आला. यंत्र सुरू केलं, पटाशी टेकवली, तर लाकडातून पाणी उडायला लागलं. खोटं नाही सांगत, माझा चष्मा, कपाळ, सगळं भिजलं. त्या झाडानं कधीतरी मुळांनी वर ओढलेलं पाणी, कुठल्याही पंपाशिवाय पाच मजले चढवलेलं पाणी, माझ्या तोंडावर! मी लिफ्टवाला, मला विचार पाच मजले चढवणं म्हणजे काय ते. आणि आत जात गेलो तसा रंग बदलत गेला. पिवळसर, मग मधासारखा, मग मधोमध शाईच्या फटकाऱ्यासारखी एक काळी लाट. एकाएकी मनात आलं की हे आजवर कुणी पाहिलेलंच नाही. झाड साठ-सत्तर वर्षं त्या रस्त्यावर उभं होतं, हजारो माणसं त्याच्या खालून गेली, आणि ही लाट पाहणारा जगातला पहिला माणूस मी. बाईसाहेब, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. झाडाचं कुठलं आणि माझं कुठलं ते कळेना.

इथवर लिहून चहा घ्यायला उठलो. परत येऊन सगळं वाचलं. सगळं खरं आहे, एक गोष्ट सोडून. वेळ जात नाही म्हणून मी त्या शाळेत गेलो नाही.

गेल्या वर्षी तू निघालीस तेव्हा दारात थांबून विचारलंस, “माझे बाबा कसे होते, एवढं एकदा तरी कोणी सांगाल का मला?” आई आत निघून गेली. मी म्हणालो, “मी त्यांना कधी पाहिलंच नाही, मला काय माहीत?” तू बॅग उचललीस, आणि तेव्हापासून आलेली नाहीस. मी त्यांना पाहिलं नव्हतं, हे खरं. माहीत नव्हतं, हे खोटं. ते पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे, एवढंच तुला आजवर सांगितलंय. नोकरी सांभाळून ते कातारी होते, फार मोठे कातारी होते, हे तुला कोणी सांगितलं नाही. मी या घरात आलो तेव्हा तू पाच वर्षांची होतीस आणि घरभर ते होते. स्टुलाचे पाय, दिव्याची बैठक, झाकणाच्या गोल डब्या, दारांच्या मुठी. प्रत्येक मूठ अशी, की दार उघडायला हात लावावा आणि समोरून कोणीतरी हस्तांदोलन करावं. रोज, प्रत्येक दाराशी. मला ते सोसेना. आधी मुठी बदलून पितळेच्या बसवल्या. मग दिवा गेला, वायर खराब आहे म्हणून. स्टूल गेलं, डगमगतं म्हणून. स्टूल डगमगत नव्हतं, बाईसाहेब. एकेक करून सगळं मी माळ्यावर चढवलं, आणि तुझी आई एका शब्दानं बोलली नाही. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढून एक डबी खाली काढली. तिच्या बुडावर त्या शाळेचा शिक्का होता. चार महिने तो शिक्का मी बघत होतो. मग निवृत्त झालो, आणखी दोन महिने घाबरण्यात घालवले, आणि एका शनिवारी जाऊन नाव नोंदवलं. खरं सांगू? हा माणूस एवढा काय मोठा होता, ते बघायला गेलो होतो.

दहाव्या शनिवारी धीर करून बाईंना तुझ्या बाबांचं नाव सांगितलं आणि विचारलं, ओळखत होता का. बाईंनी चालू काम थांबवलं. असं त्या कधी करत नाहीत. मला म्हणाल्या, “तुम्ही त्याचे कोण?” काय सांगणार? मी म्हणालो, “त्याची मुलगी माझ्याकडे वाढली.” बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कचेरीत नेलं. कपाटातून एक कापडी गुंडाळी काढली. आत एक वाडगा होता, ओंजळीएवढा. त्यांनी तो माझ्या हातांवर ठेवला आणि मला वाटलं त्यांनी ठेवलाच नाही, कारण वजनच नव्हतं. मग त्यांनी तो खिडकीकडे धरायला लावला. त्यातून उजेड आरपार येत होता. लाकडातून, बाईसाहेब! कानाच्या पाळीतून ऊन दिसतं तसा, लालसर. लाकडाची एकेक रेषा त्या उजेडात शिरेसारखी दिसत होती. बाई सांगत होत्या, आत दिवा लावून, उजेडाच्या रंगावरून जाडी ओळखत तो हे कातायचा. रंग जरा जास्त उजळला की थांबायचा, नाहीतर संपलंच. “पन्नास वर्षांत माझ्या हाताखालून दोनेक हजार माणसं गेली,” त्या म्हणाल्या, “त्यांतला हा एक.” मी तेवीस वर्षं या माणसाचा हेवा करत आलो. त्या खिडकीशी उभं राहून कळलं की हेवा करायलाही थोडी बरोबरी लागते. माझा सगळा हेवा तिथे गळून पडला आणि उरलं ते नुसतं थक्क होणं. आणि मग एक भयंकर गोष्ट लक्षात आली. हे तुझं होतं. हे थक्क होणं तुझ्या हक्काचं होतं, आणि मी ते माळ्यावर टाकलं होतं.

आईला मी सांगितलं होतं की जुन्या सहकाऱ्यांबरोबर फिरायला जातो. शर्ट बाहेर जिन्यातच झटकून घरात यायचो. त्या शनिवारी झटकायचं विसरलो. तिनं दार उघडलं, बाजूला झाली, आणि मी आत जाताना माझी बाही धरली. बाही नाकाशी नेली. मला वाटलं आता रडेल किंवा ओरडेल. ती म्हणाली, “अक्रोड ना?” मी मान हलवली. मग ती खुर्चीत बसली आणि बोलायला लागली. बाईसाहेब, माझ्या संसारात इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नाही. ते जेवताना ताटातली भाकरीसुद्धा बोटानं गोल फिरवायचे. ते गाणं बेसूर म्हणायचे आणि ते त्यांना माहीत नव्हतं. तू रडायला लागलीस की ते तुला भुशाच्या पोत्यावर बसवायचे आणि तू गप्प व्हायचीस. तीन दिवसांच्या तापात गेले, आणि तिसऱ्या दिवशीही म्हणत होते की शनिवारपर्यंत बरा होईन. मी विचारलं, इतकी वर्षं एकदाही का बोलली नाहीस? ती म्हणाली, “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.” आणि मी तिला वाईट वाटेल म्हणून कधी विचारलं नव्हतं. बघ, किती समजूतदार जोडपं! दोघांनी एकमेकांना जपता जपता एका मुलीचा बाप तिच्यापासून लपवून ठेवला. आईनं त्या दिवशी पहिलं काम काय केलं असेल? मला शिडी धरायला लावून माळा रिकामा केला. आता घरभर परत ते आहेत. आणि माझं काही बिघडलेलं नाही. उलट दार उघडताना हाताला बरं वाटतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. गेल्या शनिवारी बाईंनी मला कोठीच्या खोलीत नेलं. ओला वाडगा एका दमात पूर्ण करत नाहीत. आधी अंगठ्याएवढा जाड कातून ठेवायचा आणि वर्षभर सुकू द्यायचा. सुकताना तो वाकडा होतो, लांबट होतो, आणि मग त्याला परत लेथवर चढवून शेवटचा आकार द्यायचा. कोठीत असे शेकडो अर्धे वाडगे आहेत, प्रत्येकाच्या बुडावर पेन्सिलीनं नाव आणि तारीख. सगळ्यात वरच्या फळीवरून बाईंनी एक काढला आणि पदरानं पुसला. दोनदा छत गळलं, तीनदा कोठी साफ झाली, पण हा त्यांनी कोणाला हलवू दिला नव्हता. तारीख पंचवीस वर्षांपूर्वीची, तुझे बाबा जाण्याच्या दोन महिने आधीची. खाली लिहिलंय, ‘भिंगरीसाठी. घाई नाही.’ भिंगरी कोण, ते मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन आईला विचारलं. भिंगरी म्हणजे तू. टेबलाभोवती गोल गोल पळायचीस म्हणून. ते नाव त्यांचं आहे, मी वापरणार नाही, मला माझ्या बाईसाहेब पुरेत. बाई मला म्हणाल्या, “लिफ्टवाले, तुमचा हात आता बसलाय, तुम्ही पूर्ण करा.” मी नाही म्हणालो. आयुष्यात त्या माणसाची एवढी एकच गोष्ट मी तिच्या जागी ठेवली असेन. ते काम तुझं आहे. बाई शिकवायला तयार आहेत, मी पुढच्या तुकडीत तुझ्यासाठी एक यंत्र धरून ठेवलंय. सात-आठ शनिवारांत हात बसेल, आणि तो वाडगा मग दोन शनिवारांचं काम. आमच्यावरचा राग टाकून ये, असं मी म्हणत नाही. हवा तर बरोबर घेऊन ये, त्याला घरात जागा आहे. तू काम करशील तेव्हा मी जवळ नको असेन तर बाहेर पायरीवर बसेन. पण ये. त्यांनी घाई नाही असं लिहिलंय, आणि त्यांचं बरोबरच होतं, तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. मला मात्र आता घाई आहे.

तुझाच,
काका